मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रिव्हॉल्वर आणि काडतूस निवडताना

रिव्हॉल्वर आधी विकत घ्यायचे, त्यात बसेल ते काडतूस आणायचे आणि त्याने कोणते जनावर मारता येईल याचा विचार शेवटी करायचा, असा क्रम नवशिक्या शिकाऱ्यांमध्ये सर्रास दिसतो. हा क्रम उलटा आहे. आधी जनावर ठरवावे, मग आपला नेम किती अंतरापर्यंत खात्रीने लागतो ते मोजावे, त्या अंतरावरून त्या जनावराच्या छातीतून आरपार जाणारी गोळी निवडावी, त्या गोळीला पुरेसा वेग देणारे काडतूस ठरवावे आणि ते काडतूस न दचकता चालवता येईल असे रिव्हॉल्वर सर्वांत शेवटी घ्यावे. पुढचे मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

रिव्हॉल्वरने मोठी शिकार करण्याची प्रथा मुख्यतः अमेरिकेत रुजली आणि तिची काडतुसेही बहुतेक तिथलीच आहेत. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी १९३५ साली .३५७ मॅग्नम (आकडा गोळीचा इंचांतला अंदाजे व्यास, मॅग्नम म्हणजे जादा ताकदीचे काडतूस) बाजारात आणले आणि स्मिथ अँड वेसनचेच डग्लस वेसन यांनी त्याच काडतुसाने एल्क आणि मूस ही हरणाच्या कुळातली प्रचंड जनावरे मारून त्याची ताकद लोकांना पटवली. पुढे आयडाहोमधील शिकारी-लेखक एल्मर कीथ यांनी .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसात जड गोळी आणि वाढीव बारूद भरून वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि त्यांच्या पाठपुराव्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आले. आजही नवशिक्याच्या निवडीचा मध्यबिंदू हेच काडतूस आहे आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

सर्वांत आधी कायदा

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यागणिक बदलतात. रिव्हॉल्वरने शिकार करण्यास परवानगी असली तरी काही राज्ये गोळीचा किमान व्यास ठरवून देतात, काही नळीची किमान लांबी, तर काही विशिष्ट अंतरावर गोळीत किती फूट-पाउंड (एक पाउंड वजन एक फूट उचलायला लागते तेवढी एकेक) ऊर्जा शिल्लक असावी हे ठरवून देतात. काही राज्यांत जनावराच्या शरीरात फुलणारी गोळीच वापरावी लागते, त्यामुळे पुढे ज्या कठीण ओतीव गोळीची शिफारस केली आहे ती तिथे चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिसेविरहित गोळीच वापरावी लागते. आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू हंगामाची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये, आणि शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम सक्तीचा नसला तरी तो करावाच.

जनावर आणि अंतर

रिव्हॉल्वरची गोळी जनावराला कशी मारते हे नीट समजले की पुढची निम्मी निवड आपोआप होते. .३०-०६ रायफलची १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने निघते आणि तिच्यात २,९०० फूट-पाउंडच्या आसपास ऊर्जा असते. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला १,३५० फूट वेगाने निघाली तर तिच्यात सुमारे ९७० फूट-पाउंड ऊर्जा असते, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. रायफलच्या वेगवान गोळीभोवती शरीरातील मांस क्षणभर दूर फेकले जाऊन फाटते आणि गोळीच्या वाटेबाहेरही इजा होते. रिव्हॉल्वरच्या वेगाला असे फारसे घडत नाही. त्याची गोळी ज्या वाटेने जाते तेवढीच वाट ती कापते. ती वाट हृदयातून किंवा दोन्ही फुप्फुसांतून गेली तर जनावर रक्तस्रावाने लवकर कोसळते. ती चुकली तर काडतूस कितीही मोठे असले तरी जखमी जनावर जंगलात निघून जाते आणि अनेकदा सापडतही नाही.

म्हणून रिव्हॉल्वरकडून दोनच गोष्टी मागायच्या असतात: गोळी ठरल्या जागी लागावी आणि ती पुरेशी खोल जावी, शक्यतो दुसऱ्या बाजूने बाहेर पडावी. दोन छिद्रे पडली की रक्ताचा माग ठळक मिळतो. उंचावरच्या मचाणातून खाली झाडलेली गोळी बाहेर पडली नाही, तर एकमेव छिद्र पाठीच्या बाजूला राहते, रक्त छातीच्या पोकळीतच साठते आणि जमिनीवर माग जवळजवळ दिसत नाही.

व्हाइटटेल हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास साधारण आठ इंच धरतात. नवशिक्याने मात्र सहा इंचांचे वर्तुळ धरावे, कारण जंगलात दम लागलेला असतो, हात गारठलेले असतात आणि जनावर अगदी आडवे उभे राहीलच असे नसते. सहा इंच व्यासाची कागदी ताटली लावून, जंगलात ज्या पवित्र्यात गोळी झाडणार त्याच पवित्र्यात, पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरापर्यंत ताटलीत बसतात ते आपले अंतर. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून मिळालेला गट हा रिव्हॉल्वरचा आणि काडतुसाचा गुण असतो, शिकाऱ्याचा नव्हे. सुरुवातीला हे अंतर २५ ते ४० यार्ड निघाले तर त्यात कमीपणा काहीच नाही. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, आणि दाट झाडीत बहुतेक संधी याच अंतरात येतात. चांगल्या आधारासह ७५ यार्डांपर्यंत खात्रीने मारता येणारा शिकारी अनुभवीच म्हणावा लागेल.

हे अंतर मोजून कागदावर लिहून ठेवावे. पुढची निवड या आकड्यासाठी करायची आहे, जाहिरातीतल्या दोनशे यार्डांच्या दाव्यासाठी नाही.

गोळी

सर्वाधिक वेळ या पायरीवर द्यावा, कारण जनावराला स्पर्श करते ती फक्त गोळी.

पहिला प्रकार पोकळ किंवा मऊ टोकाच्या जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचे कवच असलेल्या गोळीचा. ती शरीरात शिरताच टोकाकडून फुलते, तिचा व्यास वाढतो, वाट रुंद होते आणि त्या प्रमाणात खोली कमी होते. हरीण, मध्यम आकाराचे रानडुक्कर आणि आडवे उभे असलेले काळे अस्वल यांच्यासाठी ही गोळी उत्तम आहे. मात्र पोकळ टोकाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. स्वसंरक्षणासाठी बनवलेली हलकी गोळी मॅग्नम वेगाला फार लवकर फुलते आणि खांद्याच्या हाडावर फुटून उथळ जखम करते. शिकारीसाठी बनवलेली, जाड जॅकेटची गोळी घ्यावी. हॉर्नेडीची एक्सटीपी या कामात चांगली रुळलेली आहे. स्विफ्टची ए-फ्रेम गोळी याहून चिवट असते, कारण तिच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा असून पुढचा भाग फुलला तरी मागचा भाग शाबूत राहतो.

दुसरा प्रकार कठीण ओतीव शिशाच्या रुंद सपाट टोकाच्या गोळीचा. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती कठीण केलेली असते. ती फुलत नाही आणि तिने फुलावे अशी अपेक्षाही नसते. तिचे सपाट टोक मांस बाजूला सारण्याऐवजी ठेचत आणि कापत जाते, त्यामुळे वाट गोळीच्या व्यासाहून मोठी होते, आणि आकार न बदलल्यामुळे ती सरळ आणि खोल जाते. एल्क, मोठे रानडुक्कर, मूस किंवा तपकिरी अस्वल यांच्यासाठी अनुभवी शिकारी हिलाच पसंती देतात. गोल टोकाची ओतीव गोळी मात्र या कामाची नाही. तीही खोल जाते, पण मागे अरुंद वाट सोडते आणि हाडाला लागल्यावर दिशा बदलू शकते.

तिसरा प्रकार संपूर्ण तांब्याच्या गोळीचा. शिशावर बंदी असलेल्या भागांत ती अपरिहार्यच आहे, पण जिथे तशी बंदी नाही तिथेही ती टाळण्याचे कारण नाही. ती पाकळ्यांसारखी फुलते आणि वजन फारसे गमावत नाही. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, अधिक जागा व्यापते, म्हणून तांब्याच्या गोळ्या बहुधा वजनाने थोड्या कमी असतात.

आता वजनाविषयी. .४४ मॅग्नममध्ये २४० ग्रेनची गोळी १,३५० फूट वेगाने गेली काय किंवा ३०० ग्रेनची गोळी १,२०० फूट वेगाने गेली काय, ऊर्जेचा आकडा सारखाच निघतो: पहिलीचा सुमारे ९७० आणि दुसरीचा सुमारे ९६० फूट-पाउंड. तरीही दोघींचे काम वेगळे आहे. व्यास तोच असताना जड गोळी लांब असते, तिच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस इंचामागे अधिक वजन ढकलत असते, म्हणून सारख्याच बांधणीची ३०० ग्रेनची गोळी अधिक खोल जाते. ऊर्जेच्या तक्त्यावरून रिव्हॉल्वरचे काडतूस निवडणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. हरणासाठी २४० ग्रेन भरपूर आहे. एल्कसाठी ३०० ग्रेनच्या आसपासची चिवट किंवा कठीण गोळी घ्यावी. खोलवर जाण्यासाठी वेग वाढवत नेणे हा फुलणाऱ्या गोळीच्या बाबतीत उलटा पडणारा उपाय आहे, कारण वेग वाढला की ती अधिक जोरात फुलते आणि लवकर थांबते.

काडतूस

.३५७ मॅग्नमपासून सुरुवात करू. लांब नळीतून १८० ग्रेनची कठीण किंवा चिवट गोळी झाडणाऱ्या कुशल शिकाऱ्याच्या हातात, जवळच्या अंतरावरील हरणासाठी ते पुरते. पण त्यात चुकीला जागा फार थोडी असते आणि नवशिक्याकडून चूक होण्याचीच शक्यता जास्त असते. एल्कसाठी ते वापरू नये. डग्लस वेसन यांनी मूस मारला होता हे खरे असले तरी त्या काळी याहून चांगला पर्याय उपलब्ध नव्हता.

.४१ मॅग्नम १९६४ साली आले. काडतूस उत्तम आहे, धक्का .४४ पेक्षा किंचित सौम्य आहे, पण त्याची काडतुसे आणि रिव्हॉल्वर दोन्ही शोधावी लागतात.

.४४ मॅग्नम हे नवशिक्याने आधी विचारात घ्यावे असे काडतूस आहे. त्यात १८० पासून ३०० ग्रेनच्या वरपर्यंत गोळ्या मिळतात, ते जवळपास सर्वत्र मिळते, आणि मुख्य म्हणजे त्याच रिव्हॉल्वरमध्ये .४४ स्पेशलची सौम्य काडतुसे सरावासाठी चालतात. ही एकच सोय अनेक नवशिक्यांना दचकण्याच्या सवयीपासून वाचवते. मात्र ही आखूड काडतुसे बरीच झाडल्यावर काडतुसे ठेवायच्या फिरत्या सिलिंडरच्या घरांमध्ये काजळीचे कडे तयार होते, ते साफ केल्याशिवाय मॅग्नम काडतूस नीट आत बसत नाही.

.४५ कोल्ट हे १८७३ सालचे काडतूस आजही शिकारीसाठी समर्थ आहे, पण त्याबाबत एक गंभीर इशारा लक्षात ठेवावा. त्याचा प्रमाणित कमाल दाब १४,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) एवढाच आहे, तर .४४ मॅग्नमचा ३६,००० पीएसआय. काही कंपन्या .४५ कोल्टची वाढीव दाबाची काडतुसे बनवतात, ती रुगर ब्लॅकहॉकसारख्या भक्कम बांधणीच्या रिव्हॉल्वरसाठीच असतात आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. तीच काडतुसे कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी किंवा तिच्या प्रतिकृतींमध्येही सहज आत बसतात आणि झाडल्यावर सिलिंडर फुटू शकतो. घरात दोन्ही प्रकारची रिव्हॉल्वरे असतील तर वाढीव दाबाची काडतुसे घरात आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

.४५४ कॅसुल हे डिक कॅसुल यांचे काडतूस. वायोमिंगमधील फ्रीडम आर्म्सने १९८३ साली त्यासाठी पाच घरांचे रिव्हॉल्वर आणले. ३०० ग्रेनची गोळी ते १,६०० फुटांच्या आसपास वेगाने फेकते. त्याच वजनाच्या रिव्हॉल्वरमध्ये त्याचा धक्का .४४ मॅग्नमच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि तो केवळ अधिक नसून अधिक झटकन येतो. त्यात .४५ कोल्ट चालते, हा त्याचा मोठा गुण आहे.

.४८० रुगर २००१ साली आले, आणि इतक्या मोठ्या काडतुसांत मला ते सर्वांत समंजस वाटते. .४७५ इंच व्यासाची, ४०० ग्रेनपर्यंतची जड गोळी ते मध्यम वेगाने ढकलते. धक्का मोठा असतो, पण तो हाताला ढकलल्यासारखा जाणवतो, फटक्यासारखा नाही. एल्कची शिकार नियमित करणाऱ्याने दुसरे रिव्हॉल्वर घेताना याचा विचार करावा.

स्मिथ अँड वेसनची .५०० (२००३) आणि .४६० (२००५) ही दोन काडतुसे सर्वांत दांडगी. त्यांची रिव्हॉल्वरे लांब नळीसह दोन किलोंच्या वर जातात. पहिले रिव्हॉल्वर म्हणून ती घेऊ नयेत. जी काडतुसे आठवड्याला पन्नास झाडण्याची इच्छा होत नाही, त्यांच्यावर हात बसत नाही.

रिव्हॉल्वर

शिकारीच्या रिव्हॉल्वरची नळी साडेसहा ते साडेसात इंचांची असावी. त्याहून आखूड नळीत वेग घटतो, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन साइटमधले अंतर कमी होते आणि आवाजाचा मारा वाढतो. त्याहून लांब नळी चालताना अडते. वजन सव्वा ते दीड किलो असले तर .४४ मॅग्नमचा धक्का आवाक्यात राहतो. हलक्या मिश्रधातूची रिव्हॉल्वरे दिवसभर वागवायला सोपी आणि झाडायला क्रूर असतात. शिकारीत वागवणे दिवसभराचे असले तरी निर्णय एका गोळीचा असतो, तेव्हा वजन सोसावे.

सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरमध्ये दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. रचना साधी आणि भक्कम असते, किंमत तुलनेने कमी असते. तिची जुन्या धाटणीची वक्र मूठ धक्क्यासरशी तळहातात वर फिरते, काहींना ते सुसह्य वाटते, तर काहींच्या बोटांच्या सांध्यावर चापाची कडी आदळते. मोठ्या काडतुसांसाठी बिस्ली धाटणीची सरळ, उंच मूठ अधिक बरी. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर नुसता चाप ओढूनही झाडता येते, पण शिकारीत तेही घोडा मागे ओढूनच वापरावे, कारण तेव्हा चाप हलका आणि एकसारखा सुटतो. त्याचा फायदा रबरी मुठीचा, बाहेर झुकणाऱ्या सिलिंडरचा आणि गरज पडल्यास झटपट दुसऱ्या गोळीचा. रुगर सुपर ब्लॅकहॉक (१९५९) हे पहिल्या प्रकाराचे आणि सुपर रेडहॉक (१९८७) हे दुसऱ्या प्रकाराचे खात्रीचे उदाहरण आहे. स्मिथ अँड वेसनच्या ६२९ चा चाप सहसा अधिक गुळगुळीत असतो, मात्र त्याचा सिलिंडर रुगरपेक्षा आखूड आहे आणि काही ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या त्यातून पुढे डोकावतात. अशी गोळी सिलिंडरला फिरूच देत नाही, म्हणून काडतुसे खरेदी करण्यापूर्वी हे तपासावे.

रिव्हॉल्वर हातात घेतल्यावर आधी ते रिकामे असल्याची खात्री करावी. मूठ धरल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का ते पाहावे. विक्रेत्याची परवानगी घेऊन घोडा ओढून चाप तपासावा. साधारण तीन पाउंडांवर, मध्ये न अडखळता सुटणारा चाप आदर्श. जुने रिव्हॉल्वर घेताना घोडा ओढलेल्या स्थितीत सिलिंडर बोटांनी हलवून पाहावा, तो डावी-उजवीकडे ठळकपणे डुलत असेल तर ते घेऊ नये. रुगरची १९७३ पूर्वीची सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वरे घोड्याखालचे घर रिकामे ठेवूनच बाळगावी लागतात, कारण भरलेल्या घरावर घोडा टेकलेला असताना रिव्हॉल्वर पडले तर गोळी सुटू शकते.

साइट

लोखंडी साइट साध्या आणि टिकाऊ असतात, पण पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे जनावरे हिंडतात नेमक्या त्याच वेळी, काळ्या साइट काळ्या सावलीत हरवतात. चाळिशीनंतर पुढची साइट आणि जनावर एकाच वेळी स्पष्ट दिसणेही कठीण होते. बहुतेक नवशिक्यांसाठी लहानसा लाल ठिपक्याचा साइट योग्य ठरतो, कारण त्यात एकाच गोष्टीकडे पाहायचे असते. ठिपका लहान आणि मंद ठेवावा. दुर्बीण लावायचीच असेल तर ती हात लांब करून पाहण्यासाठी बनवलेली, दोन पटींची असावी. रायफलची दुर्बीण लावून डोळा जवळ नेला तर धक्क्याने ती कपाळावर आदळते.

साइट ५० यार्डांवर जुळवावी. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी ५० वर जुळवली तर १०० यार्डांवर सुमारे पाच ते सहा इंच खाली लागते. एवढा फरक हरणाची छाती चुकवायला पुरेसा आहे.

निवडलेल्या काडतुसाची परीक्षा

एकाच वजनाची, पण निरनिराळ्या कंपन्यांची तीन-चार प्रकारची काडतुसे आणावीत आणि आधारावरून प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे गट पाहावेत. हात किंवा चौकट पिशवीवर टेकवावी, नळी कठीण वस्तूवर टेकवू नये, अन्यथा धक्क्यासरशी ती उडते आणि गोळी भलतीकडे जाते. ५० यार्डांवर तीन इंचांच्या आत गट देणारे काडतूस शिकारीला चांगले आहे. ओतीव गोळीचा गट विस्कटत असेल आणि नळीत शिसे साचत असेल तर बहुधा गोळी सिलिंडरच्या तोंडाच्या मानाने लहान असते किंवा ते तोंडच नळीच्या मानाने अरुंद असते. जाणकार कारागिराकडून मोजून घ्यावे.

गोळ्यांचे वजन बदलले की नेमही बदलतो आणि तो अपेक्षेच्या उलट बदलतो. जवळच्या अंतरावर जड, मंद गोळी हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते, कारण गोळी नळीत असतानाच धक्क्याने नळी वर उचलली जाऊ लागते आणि मंद गोळी नळीत अधिक वेळ राहते. म्हणून हलक्या काडतुसाने साइट जुळवून जड काडतुसाने शिकारीला जाऊ नये.

आणखी एक परीक्षा बहुतेक नवशिक्यांना ठाऊक नसते. धक्क्याने रिव्हॉल्वर मागे जाते तेव्हा न झाडलेल्या काडतुसांतील गोळ्या जडत्वामुळे पुंगळीतून हळूहळू पुढे सरकतात. पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट आवळलेले नसेल, तर दोन-तीन गोळ्यांनंतर एखादी इतकी पुढे येते की सिलिंडर अडकतो, तेही जखमी अस्वल समोर असताना. सहा घरांच्या रिव्हॉल्वरमध्ये एक काडतूस खूण करून भरावे, त्याची लांबी आधी मोजावी, बाकीची पाच झाडावीत आणि पुन्हा मोजावे. लांबी वाढलेली आढळली तर ते काडतूस शिकारीसाठी बाद.

सराव

आधी सौम्य काडतुसे, मग मधली, मग शिकारीची. एका बैठकीत पूर्ण ताकदीची वीस-पंचवीस काडतुसे पुरेत. त्यापुढे हात थकतो आणि दचकण्याची सवय लागते. ही सवय ओळखण्याचा खात्रीचा उपाय असा की मित्राने सिलिंडरमध्ये काही भरलेली काडतुसे आणि काही रिकाम्या पुंगळ्या मिसळून भराव्यात. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडताना नळी खाली झुकली तर दचकणे उघड झाले. मग पुन्हा सौम्य काडतुसांकडे जावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

बसून, कोपर गुडघ्यांच्या आत टेकवून, झाडाच्या खोडाला हात लावून, दुकाठीच्या आधारावर, असा सराव करावा. नुसत्या उभ्याने २५ यार्डांपुढे गोळी झाडण्याचा विचार करू नये.

स्वतःच्या शरीराची काळजी

मॅग्नम रिव्हॉल्वरचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो, आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानांना कायमची इजा करू शकतो. जंगलातही कानांचे रक्षण हवेच. बारीक आवाज वाढवून मोठे आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक कानपडदे घेतले तर पाचोळ्यातली चाहूलही ऐकू येते. नळीच्या तोंडाशी छिद्रे पाडल्याने धक्का कमी होतो, पण आवाजाचा मारा शेजारच्या माणसावर होतो.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला फेकला जातो. रायफलप्रमाणे पुढे हात धरायची सवय असलेला माणूस अंगठा तिथे नेतो, आणि .४६० किंवा .५०० च्या बाबतीत तो अंगठा गमावण्याची पाळी येते. पाठीवर रेलून, रिव्हॉल्वर मांडीच्या बाजूला टेकवून झाडताना हीच फट पायाला लागून असते, म्हणून त्या पवित्र्यात पायावर जाड चामड्याचा तुकडा बांधावा.

दुर्बीण किंवा लाल ठिपका लावलेले रिव्हॉल्वर कमरेच्या होल्स्टरमध्ये नीट बसत नाही. छातीवर तिरके बसणारे होल्स्टर पाठीवरील पिशवीच्या पट्ट्यांशी जुळते, हात मोकळे ठेवते आणि पाऊस-चिखलापासून साइट वाचवते.

गोळी झाडताना आणि नंतर

जनावर आडवे किंवा किंचित पलीकडे वळून उभे असेल तेव्हाच झाडावे. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर जाऊन छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर नेम धरावा. जनावर तिरके असेल तर पलीकडच्या पायाचा सांधा मनात धरून गोळी त्याकडे न्यावी. समोरून येणारे, पूर्ण पाठमोरे किंवा पळणारे जनावर सोडून द्यावे. जनावराच्या पाठीमागे काय आहे हे दिसत नसेल तर चापाला बोट लावू नये, कारण आरपार जाणारी कठीण गोळी पलीकडे बरीच दूर जाते.

गोळी लागल्यावर घोडा पुन्हा ओढून तयार राहावे आणि जनावर उभे असेल तर दुसरी गोळी झाडण्यास कचरू नये. ते झाडीत गेले तर ते कुठे उभे होते आणि कोणत्या झाडाजवळ दिसेनासे झाले याची खूण मनात पक्की करावी, आणि किमान अर्धा तास जागचे हलू नये. फुप्फुसात गोळी लागलेले हरीण सहसा शंभर यार्डांच्या आत पडलेले सापडते, पण लगेच पाठलाग केला तर तेच जनावर बरेच दूर जाते. रक्त फेसाळ आणि गुलाबी असेल तर फुप्फुसाला लागले आहे. रक्त गडद असेल किंवा त्यात हिरवट अंश असेल तर गोळी मागे, यकृतात किंवा पोटात लागली आहे. अशा वेळी कित्येक तास थांबावे आणि परवानगी असेल तिथे माग काढणारा कुत्रा बोलवावा. माग काढताना शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी रंगीत फीत बांधत पुढे सरकावे आणि जनावर सापडल्यावर मागच्या बाजूने जवळ जाऊन, डोळ्याला काठी लावून ते मेल्याची खात्री केल्यानंतरच रिव्हॉल्वर रिकामे करून होल्स्टरमध्ये ठेवावे.